सहा दिवस, एकच तंबू

मार्च आला की आमच्या गल्लीतली मुलं मोठ्यानं वाचायला लागतात. समोरच्या घरातली दहावीची मुलगी सकाळी पायरीवर बसून विज्ञानाचं कानडी पुस्तक असं घोकते की सगळ्या गल्लीनंच पेपर लिहायला बसावं. काल तिनं अन्नसाखळीचा धडा काढला आणि एका ठिकाणी चुकली. आमच्या स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं, मालतीनं, चूक सांगितली, कढीपत्ता निवडता निवडता, मान वर न करता. मुलगी 'हौद्री टीचर', म्हणजे 'होय टीचर', म्हणाली आणि पुढं वाचायला लागली. मी पडवीत पेपर धरून बसलो होतो. मालतीचं उत्तर बरोबर होतं. मी तेवढ्यानं सुखावलो, आणि लगेच उठून फाटकाची कडी बघून आलो.

मार्च आला की हल्ली मला धास्ती वाटते. पूर्वी हा महिना मला आवडायचा. धारवाडात तेव्हा सकाळची हवा अजून बरी असते, आंब्याला बारक्या कैऱ्या धरलेल्या असतात, नळाला पाणी येण्याच्या दिवशी सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन एकमेकांशी बोलते. मी कोर्टात शिरस्तेदार होतो. म्हणजे साहेबांच्या पुढं जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जायचा, आणि चुकीचा कागद मी पुढं जाऊ देत नसे. मालती एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवायची. परीक्षेच्या दिवसांत ती घरात असून नसल्यासारखीच असायची. सुपरव्हिजन, मग पेपर तपासणं. टेबलावर गठ्ठे, बोटांना लाल शाई, आणि मी चहा मागितला की 'दहा मिनिटं थांबा.' ती दहा मिनिटं कधी संपत नसत. तेव्हा मी चिडायचो. आता वाटतं, उगाच चिडलो.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली ती सकाळ. पाण्याचा दिवस होता. मी मागच्या अंगणात टाकी भरत होतो, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आत आलो तर घर मोकळं. वाटलं शेजारी गेली असेल. शेजारी नव्हती. देवळात नव्हती, भाजीवालीकडं नव्हती. तासभर मी चपलांविना ह्या गल्लीतून त्या गल्लीत फिरत होतो, आणि कुणी विचारलं तर 'काही नाही, पाय मोकळे करतोय' म्हणत होतो. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून मालती उतरली. खळीची सुती साडी, हातात घड्याळ, पर्सला लावलेलं पेन. मागोमाग तिच्या शाळेचा जुना शिपाई बसप्पा उतरला.

'टीचर सगळ्यांना भेटायला आल्या होत्या,' बसप्पा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. 'ऊन लई लागतंय, म्हणून सोडायला आलो, सर.' ती आत गेल्यावर त्यानं आवाज उतरवला. 'मेडम सुपरव्हिजनला आल्या होत्या. उत्तरपत्रिका मोजत बसल्या होत्या. हेडमास्तरांनी चहा दिला, कुणी काही बोललं नाही.' मी मान हलवली. मालतीला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

हुबळीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस तपासण्या केल्या आणि मग रोगाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मालतीला त्यांनी बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, 'त्यांचं काही करायचं राहिलं असेल तर ह्या वर्षी करून घ्या.' बाहेर येऊन मी तिला सांगितलं, 'अशक्तपणा आहे, जीवनसत्त्वं कमी पडलीत.' ती म्हणाली, 'असं होय,' आणि बसमध्ये खिडकीची जागा धरून बसली. चुकीचा कागद पुढं जाऊ न देणारा मी, त्या दिवशी स्वतःच एक खोटा कागद तयार केला. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही.

तिचं राहिलेलं एकच होतं, आणि ते सगळ्या घराला ठाऊक होतं. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाचा एक तक्ता तिनं नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः रंगवला होता. त्यात सिंह जरा मांजरासारखा झालाय, पण नदी छान उतरलीय. नदीच्या काठावर नू नावाच्या जनावरांचा कळप. गाईची शिंगं, घोड्याची शेपटी, बोकडाची दाढी, उरल्यासुरल्या सामानातून केल्यासारखं जनावर. पावसामागं, गवतामागं ही लाखो जनावरं चालत असतात आणि मधली नदी ओलांडतात, मगरी असल्या तरी ओलांडतात. मालतीनं हे एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि दर वर्षी घरी येऊन म्हटलं, 'मी हे डोळ्यांनी बघितलेलं नाही हो. ऐकीव सांगते.' तिला ते बघायचं होतं. आणि बघताना, आपण काय बघतोय हे तिला कळायला हवं होतं. माझी सगळी घाई ह्या दुसऱ्या वाक्यासाठी होती.

मग मी फाईल केली. दुसरं मला काय येतं? पिवळा पुठ्ठा, लाल नाडी, वर विषय. हुबळीच्या केशवापुरात एका जिन्याखाली पल्लवी नावाच्या मुलीचं प्रवासाचं लहानसं ऑफिस आहे, तिथं आम्ही चिगरी बसनं जायचो. चिगरी म्हणजे कानडीत काळवीट, आणि बसमध्ये चढताना मालती दर वेळी म्हणायची, 'काळवीट कधी एवढं हळू जात नाही.' वाटेत रायापूर आलं की मी तिच्या पिशवीचा बंद हातात धरायचो. तिला वाटायचं पिशवी जड आहे म्हणून. मला भीती असायची की कुठल्याही थांब्यावर ती उठून उतरेल, कारण रायापूरच्या पुढच्या थांब्यावर तिची एक मैत्रीण राहायची. ती मैत्रीण वारली त्याला तीन वर्षं झाली होती.

सफारीचे इतके प्रकार असतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तिकीट काढायचं, जीपमध्ये बसायचं, सिंह बघायचा, परत यायचं. पल्लवीनं टेबलावर चित्रं मांडली आणि म्हणाली, 'अंकल, आधी प्राणी बाजूला ठेवा. तुम्हाला कसं राहायचंय ते सांगा.' एक होती बेळगावहून निघणारी गट-सहल. चाळीस माणसं, सोबत आपला आचारी, सकाळी पोहे, एकादशीला भगर, बंद गाडी, सात दिवसांत पाच जंगलं. एक होतं कुंपणातलं मोठं हॉटेल, विजेच्या तारा, गुळगुळीत वाटा, पोहायचा तलाव. मग नदीकाठचे तंबू, कुंपण नाही, जनावरं दारावरून जातात. कळपाच्या मागं मागं उठून जाणारी फिरती छावणीही होती, दोन दिवसांनी नवी जागा. लहान विमानानं ह्या रानातून त्या रानात उडत जायचं, सामान पंधरा किलो आणि तेही मऊ पिशवीत. आणि वाटाड्यामागं गवतातून पायी चालायचं, एका रांगेत, तोंड मिटून.

'पायी,' मालती लगेच म्हणाली.

'मऊ पिशवीत कडक भाकरीचा चुरा होईल,' मी म्हटलं. उत्तराला काही अर्थ नव्हता, पण माझ्या डोळ्यांपुढं ती रांग आली होती. मधेच रांग सोडून 'घंटा झाली' म्हणत एकटी निघालेली मालतीही दिसली होती.

पल्लवीनं मला विचारलं, 'काय चुकलं तर चालेल, आणि काय चुकून चालणार नाही?' प्रश्न चांगला होता. माझ्याकडं त्याचं खरं उत्तर होतं. मालती शेजारी बसली होती म्हणून मी म्हटलं, 'जेवण चुकून चालणार नाही.' पोरीनं वहीत लिहून घेतलं, शाकाहारी, दोन.

एप्रिल तसाच गेला. पळस संपून गुलमोहर सुरू झाला, पेढेवाल्याच्या दुकानाबाहेर आंब्याच्या पेट्या आल्या, गल्लीतल्या पोरांच्या परीक्षा संपल्या, आणि आमची काही संपेना. ऑगस्टमधली जागा हवी तर मे लागायच्या आत कळवा, असं पल्लवीनं तीनदा सांगितलं होतं. फाटकाच्या कडीला मी घुंगरू बांधलं. मालतीला म्हटलं, मांजर येतं म्हणून. ते वाजलं की मी हातातलं टाकून धावायचो. बहुतेक वेळा दूधवाला असायचा. एकदा खरंच मांजर होतं.

गट-सहलच ठरवायची असं मी मनाशी धरून चाललो होतो. चाळीस माणसांच्या गर्दीत एक बाई जरा विसराळू आहे हे कुणाच्या ध्यानात येणार? आपली माणसं, आपली भाषा, आणि कुणाला काही सांगायची गरज नाही. मी मालतीला आचाऱ्याचं कौतुक सांगितलं. ती म्हणाली, 'मी एकतीस वर्षं सहली काढल्यात. गोकाकचा धबधबा मी पाच वेळा बघितला आणि एकदाही बघितला नाही, पोरं मोजत होते. आता पुन्हा गर्दी नको.' मी आवाज चढवला. 'तुला काय कळतंय त्यातलं?' असं म्हणालो. एवढं बोलायला नको होतं. मला दिसलं की ती दुखावली नाहीय, ती माझ्याकडं निरखून बघतेय.

त्याच आठवड्यात पुण्याहून शुभाचा, आमच्या मुलीचा, फोन आला. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती रडत नव्हती, पण आवाज ताणलेला होता. 'अप्पा, हट्ट कुणाचा आहे हा? अनोळखी जागा, अनोळखी माणसं, तिला किती त्रास होईल. आणि एवढं करून आईच्या लक्षात तरी राहणार आहे का?' मी म्हटलं, 'बघू.' फोन ठेवला. राग शुभाचा आला नाही. तिनं विचारलेलं मी रोज स्वतःला विचारत होतो, फक्त एवढ्या स्पष्ट शब्दांत नाही.

सगळ्या प्रकारांना एकच फॉर्म होता. दोन पानं, इंग्रजीत. नाव, वय, वजन, उंची, झोप कशी, चालता किती येतं. आणि खालच्या अंगाला, प्रवाशाला कुठला आजार, कुठली विशेष काळजी. नोकरीत मी असे हजारो रकाने भरून घेतलेत. दोघांच्याही त्या रकान्यात मी 'निल', म्हणजे काही नाही, असं लिहिलं, ठसठशीत अक्षरात, वर तारीख टाकली आणि फॉर्म जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवला. शाईचं पेन वापरतो अजून. मग आंघोळीला गेलो.

शिक्षकाच्या घरात लिहिलेला कागद टेबलावर उघडा ठेवायचा नसतो, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं. मालतीच्या नजरेला भरलेला कागद पडला की तिचा हात लाल पेनाकडं जातोच. वाण्याची यादी असो, लग्नाची पत्रिका असो, ती तपासते. आंघोळ करून आलो तर ती टेबलाशी बसली होती, चष्मा लावून. तिच्या नावाखालच्या 'निल'वर लाल फुली होती. समासात 'चूक' असं लिहिलेलं होतं. आणि खाली, तिच्या त्या फळ्यावरच्या सरळ इंग्रजी अक्षरात, चार ओळी.

मी उभ्यानंच वाचल्या. मराठीत त्या अशा होतील: 'मला विसरायचा आजार आहे आणि तो वाढणार आहे. सकाळी उठून मी शाळेला उशीर झाला असं समजून बाहेर पडू शकते. माझ्यावर ओरडू नका. मला नम्रपणे थांबवा.'

'डॉक्टरांचा कागद तुमच्या फाईलमध्येच होता,' ती म्हणाली. 'इंग्रजी मलाही येतं. जीवनसत्त्वं म्हणे.'

मी खुर्चीत बसलो. केसांतून पाणी गळत होतं.

'मला फसवलंत त्याचं मी बघून घेईन,' ती म्हणाली, आणि आवाज जरासा हलला. 'पण त्यांना का फसवताय? तंबूबाहेर सिंह असताना? त्यांना माहीत नसेल तर ते मला कसे सांभाळतील? मी वर्गात नवीन मूल आलं की आधी विचारून घ्यायचे, फिट येते का, दमा आहे का. लपवलेल्या पोराचीच भीती वाटायची.' मग तिनं पेनाचं टोपण लावलं. 'मी घाबरलेय हो. रोज सकाळी उठले की आधी बघते, आज काय काय आहे डोक्यात. पण मला जायचंय.'

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आमच्या. मी तिच्यापुढं रडलो असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. तिनं मला टॉवेल दिला आणि म्हणाली, 'केस पुसा, सर्दी होईल.'

तो लाल शाईचा फॉर्म जसाच्या तसा पल्लवीला दिला. तिनं वाचला, फोन लावला, तिकडच्या माणसाशी पुष्कळ वेळ बोलली, आणि मग पहिल्या दिवशीच करायला हवी होती ती निवड आम्ही अर्ध्या तासात केली. गट-सहल रद्द, रोज नवे चेहरे नकोत. फिरती छावणी नको, दर दोन दिवसांनी उठल्यावर जागा अनोळखी वाटेल. कुंपणाचं हॉटेल मालतीनं नाकारलं, 'तलावच बघायचा तर आपला साधनकेरी आहे की.' ठरलं ते असं: केनियात मसाई मारात नदीपासून जवळ एक लहान छावणी, सहा दिवस एकच तंबू, जेवणाच्या तंबूला लागून असलेला. एकच वाटाड्या, एकच उघडी गाडी, गाडीत आम्ही दोघंच. तंबूपुढं संध्याकाळपासून सकाळपर्यंत एक पहारेकरी. बाकीची जंगलं, बाकीचे प्राणी चुकले तरी चालतील. पायी चालणं एकदाच, वाटाड्याच्या हाताला धरून. मालतीनं कागदावर सही केली आणि खाली सवयीनं रेघ ओढली.

ऑगस्टमधलं ते गवत मला अजून दिसतं, पण तुकड्यातुकड्यांनी. सकाळची थंडी, गुडघ्यावर घोंगडी, गाडीच्या पत्र्याचा वास, लांबवर शेणाच्या धुरासारखं धुकं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर शेजारचा बिछाना मोकळा. तंबूचं दार उघडं. बाहेर धावलो, तर दहा पावलांवर मालती उभी, साडी नेसलेली, पर्स खांद्याला, आणि समोर काठी घेतलेला उंच पहारेकरी, कमरेत वाकून तिला इंग्रजीत म्हणत होता, 'गुड मॉर्निंग, टीचर. आज शाळेला सुट्टी आहे.' मालतीनं हातातलं घड्याळ बघितलं. मग हसली. 'अस्सं? मला कुणी कळवलं नाही,' असं म्हणाली आणि त्याच्याबरोबर चहाला गेली. मी तिथंच गवतात बसलो.

चौथ्या दिवशी नदी. कळप काठाला येऊन थांबला होता, दोन तास. हजारो माना, धूळ, तो अखंड हुंकार. मग एकदम काठ कोसळल्यासारखा आवाज झाला आणि मालती सीटवरून अर्धी उठली. मी दोन्ही हातांनी तिचा पदर धरला. मला वाटलं ही आता उतरते. तिचं तोंड उघडं होतं, गालावरून पाणी वाहत होतं, ती कानडीत काहीतरी पुटपुटत होती, वर्गात बोलायची तशी. ती उतरली नाही. एकदाही तिनं हात दाराला लावला नाही. ते सगळं संपल्यावर तिनं माझ्याकडं वळून विचारलं, 'बघितलंत?' मी म्हटलं, 'हो.'

दिवाळीपर्यंत ते तिच्याजवळ होतं. मग नदी गेली, मग तंबू, मग विमान. फोटो आहेत, शुभानं मोठे करून दिलेत. ती ते कौतुकानं बघते, दुसऱ्या कुणाच्या लग्नाचा आल्बम बघावा तसे. एकदा तिनं विचारलं, 'आपण आफ्रिकेला कधी जायचं?' मी म्हटलं, 'जाऊन आलो की.' तिचा चेहरा इतका पडला की पुन्हा ती चूक केली नाही. त्यानंतर विचारलं की म्हणायचो, 'जाऊ या.' म्हणजे मी परत 'निल' लिहायला लागलो होतो.

परवा दुपारी तिनं पुन्हा विचारलं. समोरची मुलगी पेपर देऊन आली होती, मालतीनं तिची प्रश्नपत्रिका तपासली, आणि मग शांतपणे माझ्याकडं वळून विचारलं. ह्या वेळी मी खरं सांगितलं. ऑगस्टमध्ये गेलो होतो. सहा दिवस.

'नदी बघितली मी?'

'बघितलीस. सगळी. रडलीस.'

तिनं विचार केला. दुःख झालं असावं, पण तिनं ते बाजूला ठेवलं. 'आणि तुम्ही?'

हो म्हणायला काय लागत होतं? 'नाही,' मी म्हटलं. 'मी तुझ्याकडं बघत होतो. तू गाडीतून उतरशील म्हणून. मला धूळ दिसली, आवाज ऐकू आला. एकही जनावर पाण्यात पडताना मी बघितलं नाही, मालती.'

'सहाच्या सहा दिवस?'

'सहाच्या सहा.'

'म्हणजे एवढ्या लांब येऊन तुम्ही गैरहजर,' ती म्हणाली. 'मी बघितलं आणि गेलं ते. पण तुमच्या तर लक्षात राहिलं असतं.' मग तिनं टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. डॉक्टर ह्या वर्षी हो म्हणतील का, शुभा काय म्हणेल, मला काही माहीत नाही. मी पल्लवीला फोन लावला. ती ओळखीनं हसली आणि कानडीत म्हणाली, 'अंकल, ह्या वेळी कुठल्या प्रकारची सफारी बघायची?'

मी उत्तर जुळवत होतो तोवर मालतीनं फोन माझ्या हातातून घेतला. 'मागच्या वेळी जशी होती तशीच,' ती म्हणाली. 'आणि तिथल्या वाटाड्याला सांगा, ह्या वेळी ह्यांना पुढं बसवायचं. मला मागं चालेल.'